नायलॉनच्या नऊ झोळ्या

धसई,
ता. १२ नोव्हेंबर १९९८

देवकीतायला नवशाचा नमस्कार.

पत्र बघून तुला वाटलं असेल, याला परत काहीतरी झालं. नाय गो. उलट मी चार महिने एकाच गावात आहे. हे ऐकून भावजी हसतील, हसू देत.

नववी सोडल्यापासून मी कुठं दोन महिने टिकलो नाय, ते तुला माहीतच आहे. लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवला, मंडपवाल्याचे बांबू उचलले, मग मुरबाड-धसई टेम्पोवर लागलो. तो टेम्पो म्हणजे एक जनावरच होतं. चढाला उभा राहायचा आणि ड्रायव्हर खाली उतरून त्याची समजूत काढायचा. एकदा तर त्याला गूळ दाखवला होता. ते राहू दे, सांगायचं वेगळंच आहे.

लहानपणी मला भीती वाटली की मी सुतळीला गाठी मारत बसायचो, आठवतं? बाबा ओरडले की मी गोठ्यात आणि हातात सुतळी. ती खोड गेली नाय. टेम्पोवर पण मी ताडपत्रीच्या दोरीला गाठी मारायचो. छातीत धडधड सुरू झाली की बोटं आपोआप चालायची, आणि चाळीस-पन्नास गाठी झाल्या की धडधड खाली बसायची. हे वाडीवरच्या लखमाबाबानं बघितलं. डोंगरातला म्हातारा आहे, मध आणि डिंक घेऊन बाजारात येतो. म्हणाला, "हात बरा हाय तुजा. दोर वंगाळ हाय."

त्यानं मला अंबाडीच्या सालीचा वाख काढायला शिकवलं, त्याचा दोर वळायला शिकवलं. वाखाचा दोर दिवसभर पाण्यात भिजत घालायचा आणि ओला असतानाच गाठ मारायची. सुकला की गाठ अशी धरते की दातानं सुटत नाय. तसल्या दोराची मी जाळीची झोळी केली, लखमाबाबाच्या नातीला निजवायला. ती घेऊन वाडीवर निघालो तर वाटेत एक बाई म्हणाली, मला पण कर. मग तिची जाऊ आली. आता बाजाराच्या दिवशी मी एसटी थांब्यामागं चिंचेखाली बसतो. लोक मला झोळीवाला म्हणतात. माझ्या नावाला धंदा चिकटला, ताय.

लोकांना आता रंग पाहिजे. म्हणून नायलॉनची दोरी आणली, लाल, हिरवी, निळी. तिला भिजवायची भानगड नाय, चार दिवसांची झोळी एका दिवसात होते. लाल झोळी तुझ्या मनस्वीसाठी नथू जीपवाल्याबरोबर पाठवतोय. सगळे दोर वर एका गाठीत येतात, तिला माथा म्हणतात. माथा मीच बांधून दिलाय. वरचा फास फक्त आढ्याच्या कडीत अडकव.

खरं सांगू का? आधी गाठी मारल्या की भीती जायची. आता गाठी मारतानाच येते. लोक यात पोर निजवणार. कधी कधी वाटतं, हे सगळं चिंचेखाली टाकावं आणि येईल त्या गाडीत बसावं, पाटी न वाचता. हे कोणाला सांगू नको.

तुझा,
नवशा


आसनगाव,
ता. २९ नोव्हेंबर १९९८

चि. नवशा,

झोळी पोचली. नथूनं ती हारासारखी गळ्यात घालून आणली, आळीतल्या बायका हसून हसून बेजार. मनस्वी तिच्यात घातली की दोन झोक्यांत निजते. सासूबाईंनी आधी मीठमोहरी ओवाळली आणि मगच निजवू दिलं. हे म्हणाले, "तुझा भाऊ कधी टिकला नाय, त्याची गाठ टिकते का बघू." मी म्हटलं, टिकेल. तर माझी लाज राख.

भीती वाटते म्हणून उठून जाऊ नको. आपल्या बाबांना पण भीती वाटायची, पाऊस लांबला की वाटायची, पाहुणे आले की वाटायची, आणि मग ते आपल्यावर ओरडायचे. तू गाठी मारतोस. त्यापेक्षा हे बरं.

एक विचारते. झोळी लावली तेव्हा माझ्या कमरेशी होती, आता मांडीशी आली. हे म्हणतात पोर अंगानं भरतंय. सासूबाई म्हणतात नवा दोर ताणतोच. तुला काय वाटतं?

ताय


धसई,
ता. १० डिसेंबर १९९८

ताय,

सासूबाई बरोबर बोलल्या. नवा दोर ताणतो. वरच्या फासाला कडीत एक वेढा घाल आणि वर घे, म्हणजे झालं.

आता माझी बातमी ऐक. परवा मुरबाडला गेलो होतो. एसटी स्टँडबाहेर एक माणूस पोपटाकडून चिठ्ठी काढत होता, पोपटानं माझी चिठ्ठी काढली आणि खाऊनच टाकली. तो माणूस म्हणाला, तुझं नशीब चांगलं होतं, म्हणून त्याला गोड लागलं. तर त्याच्या पलीकडं काळूरामचं दुकान आहे, टोपल्या, सुपं, दोऱ्या असलं सगळं. त्यानं माझी निळी झोळी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाला, दर आठवड्याला दहा दे. दारातच टांगतो.

दहा! मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन शर्टाला हात पुसले, इतका घाम. चिंचेखाली बसणं वेगळं. तिथं कंटाळा आला तर उठता येतं. आता दुकानाच्या दारात माझं काम लटकणार आणि मी नसताना लोक त्याला हात लावणार. माझ्या आधीच नऊ झोळ्या नायलॉनच्या झाल्यात, तुझी धरून. बाकीच्या आठ कुठल्या कुठल्या गावांत गेल्या.

लखमाबाबाला नायलॉन आवडत नाय. तो त्याला हात लावत नाय, लांबून बघतो, जसं लोक परक्या कुत्र्याकडं बघतात.

नवशा


आसनगाव,
ता. ८ जानेवारी १९९९

चि. नवशा,

इकडं सगळं ठीक. थंडी फार आहे म्हणून झोळी काढून ठेवली, मनस्वी माझ्या कुशीत निजते.

तू माथ्याची गाठ कशी मारतोस ते लिही. आणि काळूरामला झोळ्या द्यायच्या आधी एक स्वतः टांग, त्यात वजन ठेव आणि रोज बघ. नुसतं बघू नको, नीट बघ. मध्येच उठून जाऊ नको.

ताय


धसई,
ता. २४ जानेवारी १९९९

ताय,

थंडीचा आणि माथ्याच्या गाठीचा काय संबंध? मी तुझं पत्र घेऊन तसाच लखमाबाबाच्या वाडीवर गेलो आणि त्याच्या पडवीत एक निळी झोळी टांगली. रिकामी झोळी झुलवायची नसते, म्हणून आत तांदळाचं बोचकं ठेवलं, मनस्वीच्या चौपट वजनाचं, लवकर कळावं म्हणून. माथ्याच्या वर दोरांची टोकं बोटभर सोडलेली असतात. त्यांना चुन्याची खूण केली आणि झुलवत बसलो.

दुसऱ्या दिवशी खूण गाठीच्या जवळ आल्यासारखी वाटली. भाताच्या शिताएवढी. म्हटलं डोळा चुकला. तिसऱ्या दिवशी अजून एक शीत. मग लखमाबाबाला बोलावलं. त्यानं पहिल्यांदाच नायलॉनला हात लावला, दोन बोटांत चोळला, आणि म्हणाला, "ह्यो दोर पानी पीत नाय. पानीच पीत नाय तो गाठ कशी धरंल?"

ताय, मी त्याचीच गाठ मारली होती. भिजलेल्या वाखाची गाठ. वाख फुगतो आणि सुकताना आवळतो, म्हणून ती गाठ. नायलॉनला ना फुगणं ना आवळणं, तो नुसता गुळगुळीत. रोज थोडा थोडा सरकतो, कोणाला न दिसता.

आठव्या दिवशी दुपारी मी भाकरी खात होतो. मागं आवाज झाला. मोठा नाय, धप् एवढाच. तांदूळ पडवीभर. मी भाकरी टाकून उठलो.

आठ घरं आहेत. आठ पोरं.

आधी काळूरामकडं धावलो, त्याच्या दारातल्या पहिल्या दहा झोळ्या काढून घेतल्या, नुकत्याच टांगलेल्या, एक पण विकली नव्हती. त्याला कारण सांगितलं तर तो म्हणाला, "गप बस. पोरं पडायचीच. तू तोंड उघडलंस तर तुझ्या वाखाच्या झोळीला पण कोण हात लावणार नाय, मग बस चिंचेखाली मुंग्या मोजत." मला ते खरं वाटलं. म्हणून मी खोटं बोललो.

बाजाराशेजारच्या पाड्यात बाळी म्हणून एक आजी आहे, तिच्या नातवाला निळी झोळी दिली होती. तिला म्हणालो, रंग जातोय, ही द्या, दुसरी आणून देतो. ती उठूनच उभी राहिली. पोर असलेल्या घरातून झोळी बाहेर जात नाय, हे मला सांगायला लागलं का, म्हणाली. भरल्या घराची झोळी रिकामी करून न्यायला कोण येतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणाली. मग तिनं माझ्यामागं मूठभर राख फेकली. दुसऱ्या घरी पण तेच, फक्त तिथं राख नव्हती, कुत्रा होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर झोळी झुलत होती, पोर आत होतं, आणि टोक पेराएवढं उरलेलं मला दारातून दिसत होतं.

मला रोज मुरबाडची गाडी दिसते. रोज मी तिच्या दारापर्यंत जातो.

मनस्वी पडली का? खरं लिही.

नवशा


आसनगाव,
ता. २८ जानेवारी १९९९

नवशा,

पडली. चार जानेवारीला, सकाळी. मी चुलीशी होते. खाली सासूबाईंची गोधडी घडी करून ठेवलेली, तिच्यावर पडली म्हणून वाचली. खांद्याचं हाड मोडलं, कपाळाला लागलं. शहापूरला दवाखान्यात चार दिवस होतो, तिथून आल्यावरच तुला मागचं पत्र लिहिलं. आता हात गळ्यात बांधलाय. दूध पिते. रडते, ते पण बरंच म्हणायचं, पहिला दिवसभर रडलीच नव्हती.

तुला का नाय कळवलं ते सांगते. तू पळाला असतास. मी तुला ओळखते. आई गेली तेव्हा तू पळालास, तेराव्याला आलास. आणि तू पळालास तर त्या घरांना सांगणार कोण? कुठल्या घरांत झोळ्या गेल्या ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक? म्हणून मी गप्प बसले. तुझ्यावर राग नव्हता असं नाय. होता. अजून आहे. ह्यांचा तर विचारू नको, ते झोळी जाळायला निघाले होते.

आता ऐक. काळूरामचं ऐकू नको. झोळी परत मागू नको, कोण देणार नाय आणि देऊ पण नये. झोळी घरातच राहू दे. भिजवलेला वाख बरोबर घेऊन जा आणि तिथंच, पोराच्या आईसमोर, वरचे दोर बदलून वाखाचा माथा बांध. तेवढा वेळ पोर आईच्या मांडीवर राहील. आणि आधी खरं सांग. सांगवत नसेल तर हे पत्र वाचून दाखव. वाचून दाखवण्यासारखं म्हणूनच लिहिलंय.

ज्यांचं टोक पेराएवढं बघितलंस, त्यांच्याकडं आधी जा. पत्र वाचून झालं की लगेच जा.

देवकी


धसई,
ता. १६ फेब्रुवारी १९९९

ताय,

तुझं पत्र आता घडीवर फाटलंय, इतक्यांदा उघडलं.

ज्या घरी कुत्रा होता तिथं आधी गेलो. अंगणातूनच वाचायला लागलो, मोठ्यानं, आत जायची वाट न बघता. "पडली" म्हटलं आणि त्या पोराच्या आईनं झोळीतून पोर उचललं, पुढचं ऐकलंच नाय. मग मी बांधलं. तिच्या नवऱ्यानं दोर धरला.

मग बाळीआजी. ती राख घेऊनच बसली होती बहुतेक. पण पत्र ऐकताना तिनं हात खाली ठेवला. पहिलं काय विचारलं माहीत आहे? "तुज्या भाचीचा हात कसा हाय रं आता?" मी सांगितलं, गळ्यात बांधलाय. मग म्हणाली, बांध, पण माझ्या डोळ्यांदेखत. मी बांधलं, वाख सुकेपर्यंत थांबलो. तिनं आतून वाटायचा पाटा आणला, झोळीत ठेवला आणि मला म्हणाली, "आता पाय खाली ठेव तुजा. अन् झुलव."

ताय, मी पाटा झुलवत बसलो दिवस कलेपर्यंत, खाली माझाच पाय. आजी समोर लसूण सोलत बसली. पायाला घाम येतो हे मला माहीत नव्हतं.

बाकीच्यांची नावं मला ठाऊक नव्हती. मी कधी कोणाचं नाव विचारलं नाय, नुसत्या गप्पा मारत बसायचो. पण गप्पा आठवत होत्या. एक बाई सांगत होती, त्यांच्या विहिरीत कासव आहे आणि ते तिच्या सासऱ्यांच्या वयाचं आहे. कासवाची विहीर विचारत विचारत गाव सापडलं. एकाचा मेव्हणा ताशा वाजवायचा, तो बँडमधला माझ्या ओळखीचा निघाला. असं करत सात घरं झाली. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या, एका ठिकाणी थोबाडीत. एकीनं जेवायला वाढलं, ते सगळ्यात जड गेलं.

एक राहिली. हिरवी झोळी. ती बाई कुठल्यातरी वाडीवरची, तिचं पोर पाठीला बांधलेलं, आणि तिनं माझ्याशी गप्पाच मारल्या नाय. एवढंच म्हणाली, हिरवी दे. लखमाबाबा म्हणतो ती हिरी असंल, शामची बायको. वाडीवर गेलो तर घराला काटेरी झाप लावलेली. दिवाळीनंतर दोघं वीटभट्टीवर गेले, पोराला आणि झोळीला घेऊन. कुठल्या भट्टीवर, कोणाला माहीत नाय. भातसा नदीच्या बाजूला, एवढंच.

तिची झोळी ऑक्टोबरची आहे. तुझ्याआधीची.

उद्या निघतो. वाख ओल्या गोणपाटात बांधून घेतलाय.

नवशा


धसई,
ता. २ मार्च १९९९

ताय,

सापडली. आधी तेवढंच लिहितो.

नऊ दिवस नदीकाठानं भट्ट्या फिरलो. प्रत्येक ठिकाणी हिरवी झोळी विचारायची. मुकादमांना वाटायचं मी मजूर फोडायला आलोय, हाकलून द्यायचे. वाटेत तुझ्या घरावरून दोनदा गेलो. दांडीवर मनस्वीचं झबलं वाळत होतं. आत आलो नाय.

दहाव्या दिवशी एका भट्टीवर, विटांच्या थप्पीआड सावलीला, तीन बांबू रोवून टांगलेली हिरवी झोळी दिसली. आत पोर निजलेलं, मूठ गालाखाली. मी माथ्याकडं बघितलं. टोक नव्हतंच. टोक गाठीच्या आत शिरलं होतं. आणि खाली मातीवर फुटक्या विटा पडलेल्या.

ओरडावं तर पोर दचकणार, एक लाथ मारणार आणि संपलं. उचलावं तर माथा हलणार. बायका लांब खड्ड्यापाशी विटा थापत होत्या, पाठमोऱ्या. मी दोन्ही हात झोळीखाली धरले आणि उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाय. तिथं झाड कुठलं होतं, नदी दिसत होती का, कोण गात होतं का, ते मला विचारू नको. मी फक्त गाठीकडं बघत होतो. मी देवाचं नाव पण घेतलं नाय, म्हटलं लक्ष जाईल.

मग ती सुटली. काय आवाज नाय. दोर सापासारखा गाठीतून निघून गेला आणि पोर माझ्या हातावर आलं. गरम होतं, ताय. आणि मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा खूप जड. ते जागं झालं, माझ्याकडं बघितलं आणि रडायला लागलं.

हिरी धावत आली. एका परक्या माणसाच्या हातात तिचं पोर. तिच्या हातात विटांचा साचा होता, तो तिनं उगारला.

"कोन रं तू? माजा पोर दे."

"झोळीवाला," मी म्हणालो. "माझी गाठ सुटली."

तिनं वर बघितलं, सुटलेला दोर बघितला, खालच्या विटा बघितल्या. पोर घेतलं आणि मटकन खाली बसली. साचा मला लागलाच, पण नंतर, बसल्या बसल्या फेकलेला, गुडघ्यावर. शाम आला, दुसरे मजूर आले. मी तुझं पत्र काढलं, पण वाचता येईना, अक्षरंच दिसेनात, मग तोंडानंच सगळं सांगितलं. मला वाटलं आता हे मला भट्टीत घालतात. हिरी म्हणाली, "मंग बांध आता. खाली विंचू हायत, पोर ठेवू कुठं?"

बांधलं. सुकेपर्यंत पोर तिच्या मांडीवर. मग तिनं दोन्ही हातांनी माथा पकडला आणि पाय उचलून स्वतः लोंबकळली. तेव्हा कुठं पोर आत घातलं.

काल परत आलो. आज बाजार होता. बाळीआजीनं सगळ्यांना सांगितलंय. लोक येतात आणि म्हणतात, गाठ सुटलेला तो तूच ना? मी हो म्हणतो. काळूराम बोलला तसं बरेच जण निघून जातात. एक बाई थांबली. म्हणाली, वाखाची कर. मी सांगितलं, पाटा घालून आठ दिवस झुलवल्याशिवाय देणार नाय, घाई असेल तर दुसरीकडं बघा. ती म्हणाली, बाळंतपणाला दोन महिने आहेत.

मुरबाडची गाडी समोर उभी होती. मी वाख सोलत बसलो. पण भीती गेली नाय, ताय. एक पण गाठ अशी नाय की जी मारताना मला धप् ऐकू येत नाय. असं असेल तर माणसानं हा धंदा करावा का? तू सांगशील ते करीन.

नवशा


आसनगाव,
ता. ७ मार्च १९९९

नवशा,

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. संध्याकाळी हे माळ्यावर चढले आणि लाल झोळी खाली काढली. मला वाटलं आता जाळणार, पण अंगणात धुऊन वाळत घातली.

मनस्वीचा हात सुटला. डावा अजून पुरता वर जात नाय, डॉक्टर म्हणाले जाईल.

धंदा करावा का ते मी सांगणार नाय. ज्याला धप् ऐकू येत नाय अशाच्या हातची झोळी मी माझ्या पोरीसाठी घेणार नाय, एवढं मला कळतं.

रविवारी ये. हे घरी असतात, चार शब्द बोलतील, ते ऐकून घे. मग माथा बांध. तिला आत मी घालीन. मला पण भीती वाटणार आहे, मी तुझ्याशेजारीच उभी राहीन.

वाख तिकडूनच भिजवून आण. आमच्याकडं टँकर चार दिवसांनी येतो.

ताय